पिनेवरची पँट

आमच्या घरच्या ग्रुपवर एकतीस माणसं आहेत आणि त्यांतली सव्वीस दर रविवारी सकाळी माझी वाट बघायची. हे बढाई म्हणून सांगत नाही. गुन्हा कबूल करताना आकडे तरी बरोबर द्यावेत, म्हणून सांगतो. उरलेल्या पाचांत एक मी, एक माझी बायको, एकमेकांशी अबोला धरून बसलेले दोन मावसभाऊ आणि पाचवे बाबा. बायकोला माझं लिखाण आवडत नसे. मावसभाऊ ग्रुप सहसा उघडत नसत. आणि बाबांना ग्रुप उघडता येत नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

लिखाणाचं नाव ‘मास्तर बुलेटिन’. मास्तर म्हणजे बाबा. शाळेतले नव्हेत, शिंपी. एकाच दुकानात, एकाच टेबलाशी उभं राहून त्यांनी त्रेचाळीस वर्षं कापड बेतलं. सहा वर्षांपूर्वी दुकान बंद केलं, तरी घरी मशीन चालू होतं. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबा आमच्याकडे राहायला आले. सोबत एक पेटी. तिच्यात कातर, टेप, खडू, मापांची वही आणि बटणांचा डबा. खिडकीजवळ त्यांची खुर्ची मांडली, पेटी खुर्चीखाली सरकवली. ती पेटी पुन्हा बाहेर आली नाही, हे बायकोने मला एकदा बोलून दाखवलं होतं. मी म्हणालो, “आता आराम करू दे की त्यांना.” म्हातारा माणूस हलेनासा झाला की घरचे त्याला आराम म्हणतात. ऐकायला बरं वाटतं.

मी विमा कंपनीत आजारपणाचे दावे तपासतो. तेवीस वर्षं झाली. रोज चाळीस-पन्नास लोकांची दुखणी कागदावरून माझ्या टेबलावर येतात. फॉर्ममधला सातवा रकाना असा आहे: ‘लक्षणे प्रथम केव्हा दिसली?’ तिथे लोक हटकून ‘साधारण’ लिहितात. साधारण दोन महिने, साधारण गेल्या वर्षी. ‘साधारण’ दिसलं की मी फॉर्म परत पाठवतो. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला ‘साधारणराव’ म्हणतात. मला ते कळत नाही असा त्यांचा समज आहे. तर असा हा लक्षणांवर तेवीस वर्षं बसलेला माणूस रविवारी काय लिहायचा, त्याचे नमुने देतो.

‘मास्तर आज पुन्हा पहाटे साडेतीनला उठून खुर्चीत बसले. सूर्याला उगवायला मदत लागते, सबब.’

‘मास्तरांचा चहा आज तिसऱ्यांदा गार झाला. चौथ्यांदा गरम करायला घेतल्यावर चहाने राजीनामा दिला.’

‘मास्तरांचं पोट, भाग सतरावा. सोनोग्राफी स्वच्छ. पोटात काही नाही ही बातमी मास्तरांना मान्य नाही.’

‘बाथरूम ते खुर्ची: चार मिनिटं दहा सेकंद. मास्तरांनी स्वतःचाच विक्रम मोडला.’

यातलं शेवटचं मी खरंच घड्याळ लावून मोजलं होतं.

लोक पोट धरून हसायचे. माझे मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, रडेपर्यंत हसणारे चेहरे ओळीने आठ टाकायचे. सातावर कधी थांबले नाहीत. “तू नोकरी सोड आणि लिही,” असं ताई फोनवर म्हणाली होती. ताई माझी मोठी बहीण, दुसऱ्या शहरात असते. बाबांची खबर तिला बुलेटिनमधूनच मिळायची. त्यामुळे बाबा मजेत आहेत असं ती सगळ्यांना सांगायची.

सगळ्यात जास्त हशा पिकला तो पँटच्या बुलेटिनला. बाबांची पँट कमरेला इतकी सैल झाली होती की ते ती दोन्ही बाजूंनी दुमडून पुढे एक मोठी सेफ्टी पिन लावायचे. मी पिनेचा फोटो काढला आणि खाली लिहिलं: ‘ज्या हातांनी हजारो कमरा मापल्या, त्यांचीच कंबर बेपत्ता! शोधून देणाऱ्यास एक पट्टा बक्षीस.’ सव्वीसच्या सव्वीस हसले. अबोला धरलेल्या मावसभावांपैकी एकाने तर अबोला मोडून दुसऱ्याला तो फोटो दाखवला म्हणे.

“तुला यात हसण्यासारखं काय दिसतं?” बायको म्हणाली.

“अगं, शिंपी आणि पिन! दिव्याखाली अंधार.”

“मग दिवा हलवून बघ ना कधीतरी.”

मी ते वाक्यही पुढच्या बुलेटिनसाठी लिहून ठेवलं.

फॅमिली डॉक्टरांकडे आम्ही नेत नव्हतो असं नाही. वर्षभर ते आम्लपित्ताच्या गोळ्या देत होते आणि दर वेळी सांगत होते, “वय झालं, चालायचंच.” ते स्वतः बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत.

मग एका सकाळी काजवाल्या मावशी आल्या. बाबांच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी तीस वर्षं हाताने काजं केली. शर्ट, कोट, जे पडेल ते. त्यांना आमच्या घरी कोणी बोलावलं नव्हतं. बाबा फोनवर “हं” आणि “बरं” याखेरीज काही बोलत नाहीत, तेव्हा बघून यावं, म्हणून दोन बस बदलून आल्या होत्या. सोबत जावयाचा कोट.

“मास्तर, कॉलर बघा जरा. मानेला खाते म्हणतात.”

बाबांनी कोट मांडीवर घेतला. कॉलरवरून अंगठा फिरवला. खिडकीकडे बघितलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले.

मावशींनी कोट घडी करून पिशवीत ठेवला, माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटलं.

“मी कॉलर उलटी लावून आणली होती,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे मुद्दाम. आतली बाजू बाहेर. आंधळ्यालाही हाताला लागेल अशी. तीस वर्षांत या माणसाने एकदासुद्धा ‘ठीक आहे’ म्हटलं नाही मला. माझ्या मुलीच्या लग्नातल्या ब्लाउजला नावं ठेवली होती त्यांनी, भर मांडवात. आणि आज उलटी कॉलर ठीक आहे?”

“वय झालं ना मावशी आता.”

“वय झालेला माणूस हळू चालतो रे. कॉलर उलटी आहे हे त्याला दिसतं. दिसून काही वाटेनासं झालं की ते वय नसतं.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आणि ती पिन कधीपासून आहे?”

मी म्हणालो, “साधारण...”

“माप कोण घेतं त्यांचं?”

“ते स्वतः शिंपी आहेत, मावशी.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. उसवलेल्या शिवणीकडे बघावं तसं. “शिंप्याला स्वतःचं माप घेता येतं होय? टेप बघायला खाली वाकलं की कंबर हलते. तुझी आई घ्यायची त्यांचं माप. दर सहा महिन्यांनी, वहीत लिहून. वहिनी गेल्यापासून कोणी घेतलं? शिंप्याच्या घरात जन्मलास आणि एवढं ठाऊक नाही?”

मला ठाऊक नव्हतं. लहानपणी दुकानात गिऱ्हाइकांचे आकडे मी वहीत लिहून घ्यायचो. बाबा ओरडायचे, “कंबर चौतीस, उंची चाळीस,” आणि मी लिहायचो. पण बाबांच्या अंगावरचे कपडे आपोआप मापाचे होतात, असं मी पन्नाशीपर्यंत समजत होतो.

“माझ्या थोरल्या दिरांचं असंच झालं होतं,” मावशी म्हणाल्या. “पोट दुखतं, झोप नाही, जेवण नको. पोटाच्या सगळ्या डॉक्टरांची दारं झिजवली. शेवटी मनाच्या डॉक्टरकडे नेलं.”

“मग?”

“मग काय, आता घरात सगळ्यांशी भांडतात. बरे आहेत.”

मनाचा डॉक्टर म्हटल्यावर मी मावशींना सांगितलं की आमच्याकडे तसलं काही नाही. बाबांच्या मनाला काय झालंय? मन नीटच आहे, पोटाचीच तेवढी तक्रार आहे. मी हे इतक्या ठासून सांगितलं की मावशींना माझ्याच मनाची काळजी वाटली असावी. बायको ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तिने त्याच दुपारी फोन करून वेळ घेतली.

ग्रुपवर मी लिहिलं: ‘या रविवारी बुलेटिनला सुट्टी. मास्तरांना पोटाच्या मोठ्या तज्ज्ञाकडे नेतोय.’

दवाखाना एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. समोरच्या दारात दातांचा दवाखाना. दोन्ही दवाखान्यांना बाक मात्र एकच. मी बाकाच्या दाताकडच्या टोकाला बसलो. गालाला हात लावला. बाबा आणि बायको मनाच्या टोकाला. मध्ये एक कुंडी होती, तिने बरीच मदत केली.

तेवढ्यात मनाचं दार उघडलं आणि आमच्या ऑफिसातला वसुली विभागातला माणूस बाहेर आला. त्याने मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. त्याचा हात हळूच त्याच्या गालावर गेला.

“दात?” तो म्हणाला.

“दात,” मी म्हणालो. “तुमचाही?”

“दाढ.”

आणि तो एकेक पायरी सोडून जिना उतरला. आम्ही दोघं रोज एकाच टेबलावर डबा खातो. त्या दिवसानंतर आठवडाभर तो माझ्यासमोर फक्त एकाच बाजूने चावत होता.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. बाबांना त्यांनी टेबलासमोर नव्हे, टेबलाच्या बाजूच्या खुर्चीत बसवलं. मग मला विचारलं, “हे सगळं केव्हापासून दिसतंय तुम्हाला?”

सातवा रकाना. तेवीस वर्षं मी जो लोकांना विचारतो तो प्रश्न.

“साधारण दोन-तीन महिने,” मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे बघितलं. डॉक्टर बाबांकडे वळल्या.

“काका, झोप कशी लागते?”

शब्द शोधताना बाबांचं तोंड हलत होतं. मग ते एका सुरात म्हणाले, “साडेतीनला उठतो. सूर्याला उगवायला मदत लागते.”

मला आधी कळलंच नाही. मग कान गरम झाले.

“जेवण?”

“चहा राजीनामा देतो.”

“चालणं-फिरणं?”

“चार मिनिटं दहा सेकंद,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काका, हे शब्द तुमचे नाहीत. कोणाचे आहेत?”

“मुलगा लिहितो,” बाबा म्हणाले. “चांगलं लिहितो.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो. ते मनापासून कौतुक करत होते. दर रविवारी सकाळी बाबा खिडकीकडे तोंड करून फोन हातात धरून बसायचे, ते फोन चालवता येत नाही म्हणून नव्हे, तर बुलेटिन वाचायला.

बायकोने पर्समधून तिचा फोन काढला, ग्रुप उघडला आणि डॉक्टरांसमोर ठेवला. ते तिने घरूनच ठरवून आणलं होतं. डॉक्टर वाचत गेल्या. बोटाने वर, आणखी वर. माझं लिखाण न हसता शेवटपर्यंत वाचणारी ती दुसरी व्यक्ती. पहिली कोण, ते नुकतंच कळलं होतं.

“पहिली नोंद बावीस महिन्यांपूर्वीची आहे,” त्या म्हणाल्या. “पहाटे जाग येणं, भूक जाणं, वजन उतरणं, हालचाल मंद होणं, आवडीचं काम सुटणं. तारखेसकट. इतकी नीट नोंद मला सहसा कोणी आणून देत नाही.” त्यांनी हे सरळ चेहऱ्याने म्हटलं. मी खाली फरशीच्या सांध्याकडे बघत होतो. तिथे एक टाचणी पडली होती.

“काका, एवढं होत होतं तर घरात कधी बोलला नाहीत?”

“काय बोलायचं?” बाबा म्हणाले. “त्याने सगळं टिपलेलं होतं. माझ्याही लक्षात न आलेलं त्याच्या लक्षात यायचं. घरातल्या सगळ्यांनी वाचलं. वाचून सगळे हसले. मला वाटलं, सगळ्यांना कळलंय आणि तरी कोणी काही करत नाही, म्हणजे याच्यावर इलाज नसणार.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं, हे मी फक्त ऐकून होतो. त्यात माणूस मरत नाही. बसलेल्या खुर्चीतच असतो, आणि समोरची माणसं शांतपणे पुढचा प्रश्न विचारतात.

“जगणं नकोसं वाटतं का, काका?”

मी म्हणणार होतो, असलं काय विचारता. बायकोने माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

“वाटतं,” बाबा म्हणाले. “पण त्याच्यासाठीही उठावं लागतं.”

हे वाक्य कुठल्याच बुलेटिनमध्ये नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं होतं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी आणखी चार-पाच प्रश्न विचारले, साधेपणाने, पत्ता विचारावा तसे: असे विचार रोज येतात का, काही करायचं मनात ठरवलंय का. बाबांनी सगळ्यांची उत्तरं दिली. ठरवलं काही नव्हतं. मला आश्चर्य वाटलं ते याचं, की उत्तर देताना त्यांचे खांदे थोडे खाली उतरले, जड पिशवी कोणीतरी हातातून घ्यावी तसे.

मग डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. याला नैराश्य म्हणतात आणि हा आजार आहे, म्हातारपणाचा स्वभाव नव्हे. उतारवयात तो पुष्कळदा ‘मला वाईट वाटतं’ असं म्हणत येत नाही, पोट धरून येतो. विसरायला होत असेल तर तेही यामुळे असू शकतं. थायरॉइड, बी-बारा, रक्त, सगळं एकदा तपासून घ्यायचं. गोळी कमी मात्रेने सुरू करायची. पहिला आठवडा मळमळेल. फरक दिसायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही. दर पंधरा दिवसांनी येऊन बोलायचं. तोवर गोळ्या आमच्या ताब्यात, कातर आमच्या कपाटात, आणि बाबांना घरात फार वेळ एकटं ठेवायचं नाही. असं वाटणं वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच फोन.

“आणि बुलेटिन?” मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“ते तुमचं तुम्ही बघा,” डॉक्टर म्हणाल्या.

मी बघितलं, म्हणजे काहीच केलं नाही. रविवारी लोकांनी विचारलं, ‘मास्तर कुठे गायब?’ मी लिहिलं, ‘पोटाचं चालू आहे.’ मोठ्या काकांनी आठ चेहरे टाकले. पोटाचं चालू आहे यात आठ चेहऱ्यांइतकं काय होतं ते त्यांनाच ठाऊक, पण मीच त्यांना सवय लावली होती.

रोज संध्याकाळी मी बाबांच्या तळहातावर गोळी ठेवायचो आणि पाण्याचा ग्लास द्यायचो. तीन आठवडे गेले. काही फरक नाही. डॉक्टरांनी चार ते सहा सांगितले होते, म्हणून धीर धरला. मग माझ्या शर्टाचं बटण तुटलं. बटण शोधायला मी खुर्चीखालची पेटी ओढली आणि डबा उघडला. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या. सोळा. पहिले पाच दिवस त्यांनी घेतल्या असाव्यात.

माझ्या डोक्यात आधी काय आलं ते सांगतो, कारण सांगायचं ठरवलंय तर सगळंच सांगावं. आधी वाक्य आलं: ‘मास्तर आता शर्टाला गोळ्या लावणार!’ जित्याची खोड. ते वाक्य गिळायला मला दोन मिनिटं लागली. मग मी डबा घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

“बाबा, मळमळतं का?”

“मळमळायचं आधी. आता नाही.”

“मग?”

“डोक्याची गोळी घेणाऱ्या शिंप्याकडे कापड कोण देईल?”

“बाबा, दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली.”

“हो,” ते म्हणाले. “पण देणार नाही ना कोणी?”

खिडकीखाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. सात-आठ लाथा झाल्या. बाबा ती सुरू होईपर्यंत थांबले.

“तू ग्रुपवर काय लिहिलंस?” ते म्हणाले. “पोट. माझं उठणं-बसणं, चहा, पँट, सगळं लिहिलंस तू. पिनेचा फोटोसुद्धा टाकलास. हे एकच नाही लिहिलंस. तुलाही ते सांगायला नको वाटतं, म्हणजे नसेलच ना सांगण्यासारखं.”

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, असं म्हणतात. मी माझ्याच बापाचं बावीस महिने वाकून पाहिलं होतं. आणि जे झाकलं, ते त्यांच्यासाठी नव्हे. बाकाच्या दाताकडच्या टोकाला बसलो होतो, तसंच.

त्या संध्याकाळी मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात दोन विनोद होते, दुसऱ्यात एक. तिसऱ्यात विनोद नव्हता, पण वाक्यं इतकी गोलमटोल होती की वाचणाऱ्याला वाटावं, मलाच काहीतरी झालंय. बायकोने फोन हातातून घेतला, तिन्ही पुसले आणि म्हणाली, “दावा मंजूर करताना लिहितोस तसं लिही. म्हणजे, नाही, तू कधी करत नाहीस. कोणीतरी करत असेल त्याच्यासारखं लिही.”

शेवटी पाठवलं ते असं:

‘बाबांना नैराश्याचा आजार आहे. बावीस महिन्यांपासून. मी जे जे बुलेटिनमध्ये लिहिलं ती त्या आजाराची लक्षणं होती. मी ती पाहिली आणि त्यावर तुम्हाला हसवलं. पोटाचा डॉक्टर हे खोटं होतं. ते मनाच्या डॉक्टरांकडे जातात आणि गोळी घेतात. बाबा हा ग्रुप पहिल्यापासून वाचतात. मला लाज वाटते.’

पंचवीस मिनिटांनी मोठ्या काकांचे आठ चेहरे आले. एका मिनिटात ते पुसले गेले. बोट सवयीने गेलं असणार, वाचलं नंतर. मग ताईचा फोन आला. ती पहिली पाच मिनिटं मला वाट्टेल ते बोलली आणि नंतरची पाच मिनिटं नुसती रडली, कारण सगळ्यात मोठ्याने तीच हसली होती. एका मावसभावाने ग्रुपवर लिहिलं, ‘माझीही गोळी चालू आहे. चार वर्षं.’ दुसऱ्याने, ज्याच्याशी त्याचा अबोला होता, त्याखाली लिहिलं, ‘मला का नाही सांगितलंस, गाढवा?’

मोठ्या काकांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांचा फोन आला.

“अरे, ते साडेतीनचं...” ते म्हणाले. “तुझ्या बापाचं साडेतीनला उठणं. मला वाटायचं, आमच्या घराण्यातच आहे ते. मी पावणेचारला उठतो.” मग बरंच खाकरले. “त्या बाईंचा नंबर दे. पण ग्रुपवर टाकू नकोस हं.”

मी नंबर दिला. आणि त्यांना सांगितलं की तिथल्या बाकावर बसताना कुंडीच्या कुठल्याही बाजूला बसलं तरी चालतं.

पण ते दुसऱ्या दिवशीचं झालं. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर पाठवून बाबांकडे पाहिलं, तर ते खिडकीकडे तोंड करून फोन वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि परत वाचलं. माझ्याकडे न बघता तळहात पुढे केला.

“आण,” ते म्हणाले.

गोळी घेतली. ग्लास रिकामा केला. मग तोंड उघडून दाखवलं, मी मागितलं नसताना. त्या उघड्या तोंडाकडे बघवलं नाही मला.

डॉक्टरांना सोळा गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी न रागावता आठवडे पहिल्यापासून मोजायला सांगितलं. तेव्हापासून सहा आठवडे झाले, सात झाले. जादू काही झाली नाही. आठव्या आठवड्यात बाबा पाचला उठायला लागले आणि त्यांनी कोमट का होईना, चहा संपवला. मध्येच चार दिवस पुन्हा वाईट गेले. रविवारी मावशी यायच्या, समोर बसून काजं करायच्या आणि कोणालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, “गोळी घेतली का मास्तर?”

दहाव्या आठवड्यात मी ऑफिसला निघालो होतो. बाबा खुर्चीतून म्हणाले, “तो खांदा कुठे चाललाय?”

“कोणाचा?”

“शर्टाचा. तयार शर्ट ना हा? खांदा दंडावर आलाय. कोणी शिवलाय, लोहाराने?”

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. “बाबा, काय म्हणालात?”

“लोहाराने,” बाबा जरा मोठ्याने म्हणाले.

मी ऑफिसला फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितलं. बाबांनी पायाने पेटी बाहेर ओढली. टेप काढली, माझ्याकडे धरली, आणि खिडकीसमोर उभे राहिले. पिन काढली. पँट एका हाताने धरून ठेवली.

“कंबर,” ते म्हणाले.

मी आयुष्यात कोणाचंही माप घेतलं नव्हतं. टेप त्यांच्यामागून पुढे घेतली. शर्टाच्या आत कुठे बाबा सुरू होतात ते पटकन सापडेना. हाडं हाताला लागत होती. इतक्या जवळून मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. फोटो मी चार हातांवरून काढला होता.

“साधारण एकतीस,” मी म्हणालो.

“साधारण?” मास्तर म्हणाले.

मी पुन्हा घेतलं. “साडेतीस.”

त्यांनी खुर्चीच्या हातावर वही टेकवून लिहिलं. तारीख घातली. त्याच्या वरची ओळ आईच्या अक्षरात होती: छत्तीस. तिच्यावरही छत्तीस, तिच्यावर सव्वाछत्तीस. दर सहा महिन्यांनी एक ओळ. मध्ये तीन वर्षांची कोरी जागा नव्हती, आईच्या ओळीखाली लगेच आजची. वहीत मधली वर्षं दिसत नाहीत.

बाबा दोन्ही आकड्यांकडे बघत राहिले.

“साडेपाच इंच,” ते म्हणाले. “लक्षात आलं होतं ना तुझ्या?”

“हो.”

त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी नव्हे, नुसती. मग खडू घेतला.

“कातर तुमच्या कपाटात आहे,” ते म्हणाले.

डॉक्टरांना मी मागच्याच भेटीत विचारून ठेवलं होतं. त्यांनी, जवळ बसा आणि द्या, असं सांगितलं होतं. मी कातर आणली आणि जवळ बसलो. बाबांनी घरातली लुंगी गुंडाळून पँट टेबलावर पसरली, शिवण उसवली, आणि खडूची पहिली रेघ ओढायला वाकले.

“उजेडातून बाजूला हो,” ते म्हणाले.

मी बाजूला झालो.